देऊळ, मंडळी आणि चित्रकाराची जागा

मराठी बायबलमध्ये चर्च या अर्थी 'मंडळी' हा शब्द योजलेला आहे. इंग्रजीत इमारतीलाही चर्च म्हणतात आणि तीत जमणाऱ्या समुदायालाही. मराठी ख्रिस्ती समाजाच्या बोलण्यात मात्र इमारत ती देऊळ किंवा चर्च, आणि माणसे ती मंडळी. देऊळ पडले तरी मंडळी उरते. उलट मंडळी पांगली तर देऊळ नुसती वास्तू होते. युरोपातील जुन्या चित्रांमध्ये उपासनेला जमलेली माणसे पाहताना हा भेद आम्हांला फार उपयोगी पडत आला आहे, आणि प्रस्तुत लेखातील सारे म्हणणे त्याच भेदावर उभे आहे.

येथे आम्हांला ख्रिस्ताची, मरियेची किंवा संतांची चित्रे अभिप्रेत नाहीत. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला बोलायचे आहे ते रविवारी बाकावर बसलेल्या, प्रवचन ऐकणाऱ्या, पेंगणाऱ्या, जपमाळ ओढणाऱ्या, दारातून बाहेर पडणाऱ्या साध्या माणसांच्या चित्रांविषयी. पूर्वीच्या वेदीचित्रांत चित्राचा खर्च उचलणारा धनिक एका कडेला गुडघे टेकून बसलेला दिसे. पण सामान्य माणसाचे उपासनेला जाणे हा चित्राचा स्वतंत्र विषय होणे ही मुख्यतः सतराव्या शतकापासून पुढची गोष्ट आहे.

अशा चित्रांपुढे उभे राहिल्यावर दोन प्रकारचे उद्गार हमखास ऐकू येतात. पहिला असा की, 'पाहा, पूर्वी माणसे किती श्रद्धाळू होती!' दुसरा असा की, 'पाहा, तेव्हाही माणसे चर्चमध्ये झोपाच काढीत होती!' एक हळहळीचा, दुसरा उपहासाचा. दिसायला हे परस्परविरोधी असले तरी त्यांची जात एकच आहे, असे आमचे मत आहे. दोन्हींत पाहणाऱ्याचा निर्णय आधीच झालेला असतो आणि चित्राला केवळ साक्षीला बोलावलेले असते. चित्र खरोखर पाहायचे तर वेगळाच प्रश्न विचारावा लागतो: चित्रकार या मंडळीच्या संदर्भात कोठे उभा आहे? आत, मागच्या बाकावर, दाराबाहेर, की दूर शेतात? आणि तेथे उभे राहून त्याला जे दिसले, तेवढेच त्याने सांगितले आहे का?

प्रथम नेदरलँड्सकडे वळू. १५६६ मध्ये तेथे मूर्तिभंजनाची मोठी लाट आली. पुढील दोन दशकांत, जेथे प्रॉटेस्टंट पक्षाची सत्ता आली तेथील जुनी कॅथलिक चर्चेही त्यांच्या ताब्यात गेली. पुतळे आणि वेद्या हलल्या, भिंतींवर चुन्याचा हात फिरला. चर्चच्या आत धार्मिक चित्राला जागा उरली नाही, आणि नेमक्या याच काळात चर्चच्या आतल्या भागाचे चित्र ही एक स्वतंत्र शाखा बहरली, हा योग विचार करण्याजोगा आहे. या शाखेचा अध्वर्यू पीटर सानरेडाम. जन्म १५९७, मृत्यू १६६५, वास्तव्य हार्लेम येथे. त्याची पद्धत एखाद्या भूमापकाची होती. तो चर्चमध्ये बसून मापे घेई, जागेवर रेखाटन करी, मग त्यावरून यथादर्शनाचे काटेकोर आरेखन, आणि कधी कधी कित्येक वर्षांनी प्रत्यक्ष चित्र.

त्याने १६४९ मध्ये रंगवलेले आसेनडेल्फ्ट येथील संत ओडुल्फस चर्चचे चित्र आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. आसेनडेल्फ्ट हे त्याचे जन्मगाव. चित्रात पांढऱ्या भिंती, खांब, कमानी, आणि फार दूर व्यासपीठाभोवती बसून प्रवचन ऐकणारी लहानशी मंडळी. उपदेशक काय सांगतो आहे हे आपल्यापर्यंत पोहोचण्याची सोयच नाही. मात्र आपल्या अगदी पायाशी, फरसबंदीत, एक थडग्याची शिळा आहे आणि तिच्यावर नाव आहे ते चित्रकाराच्या वडिलांचे, उत्कीर्णनकार यान सानरेडाम यांचे. पीटर लहान असतानाच ते वारले होते. म्हणजे चित्रकार मंडळीपासून दूर उभा आहे, पण तो परका नाही. त्याच्या पायाखाली त्याचा बाप आहे. ज्याला हे चित्र 'भूमितीचा कोरडा अभ्यास' वाटते, त्याने ती शिळा वाचलेली नाही. आणि ज्याला त्यात केवळ भक्तीची शांतता दिसते, त्यानेही नाही. मंडळीत जिवंत माणसे असतात तशी गेलेलीही असतात, एवढेच हे चित्र सांगते, आणि तेही आवाज न चढवता.

याच चित्रकाराचे दुसरे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. उट्रेख्टमधील बूरकर्क या चर्चचे रेखाटन त्याने १६३६ मध्ये केले होते. चित्र झाले १६४४ मध्ये. त्यात दोन मुले आहेत. एक जण कुत्र्याला मागच्या पायांवर बसायला शिकवतो आहे, दुसरा भिंतीवर चित्र काढतो आहे: जुन्या कथेतील चौघे भाऊ एकाच घोड्यावर स्वार झालेले. सानरेडामने आपली सही केली आहे ती या पोरखेळ रेखाटनाच्या खाली! ज्या भिंतींवरून संतांची चित्रे पुसली गेली, त्याच पांढऱ्या भिंतीवर एक पोर घोडा काढते आहे आणि चित्रकार स्वतःला त्या पोराच्या रांगेत बसवतो आहे. यात विनोद आहे, पण उपहास नाही.

एमानुएल डी विट हा त्याच्या पुढच्या पिढीचा. याच्या चर्चमध्ये ऊन उतरते, माणसे गप्पा मारतात, कोठे फरशी उचलून थडगे खणलेले असते, आणि एखादे कुत्रे खांबापाशी तंगडी वर करते. आजच्या प्रेक्षकाला या कुत्र्याची फार गंमत वाटते. चित्रकाराने धर्माची टर उडवली, असा निष्कर्षही लगेच निघतो. पण त्या काळी डच चर्चमध्ये कुत्री हाकलण्यासाठी खास माणूस नेमलेला असे, हे ध्यानात घेतले म्हणजे चित्रातील कुत्रे हे टीकेचे साधन नसून रोजचे वास्तव होते हे कळते. चर्च ही गावाची सामाईक जागा होती. प्रवचन असो नसो, लोक तेथे फिरत, भेटत आणि शेवटी तेथेच पुरले जात. आपल्याकडे ज्यांनी देवळाच्या सभामंडपात दुपारी आडवी झालेली म्हातारी माणसे आणि एका बाजूला चाललेले कीर्तन एकाच वेळी पाहिले आहे, त्यांना हे मुळीच नवे वाटू नये. येथे आणखी एक नोंद केली पाहिजे: याच डी विटने १६८० मध्ये आम्सटरडॅममधील पोर्तुगीज ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचे चित्र त्याच आस्थेने रंगवले. मंडळी कोणाची आहे यावरून त्याच्या डोळ्यांतील आदर कमीजास्त झाला नाही.

उपहासच पाहायचा असेल तर तो इंग्लंडमध्ये विल्यम होगार्थच्या 'झोपलेली मंडळी' या चित्रात आहे. त्याचे तैलचित्र १७२८ चे, आणि घरोघरी पोहोचलेले मुद्राचित्र १७३६ चे. उपदेशक कागदात डोके खुपसून वाचतो आहे. वचन निवडले आहे ते मत्तयच्या शुभवर्तमानातील, श्रमलेल्यांना विसावा देऊ करणारे, आणि श्रोत्यांनी तो विसावा तत्काळ घेतलेला आहे. जागा आहे तो कारकून, आणि त्याची नजर शेजारी झोपलेल्या तरुणीच्या वक्षावर. होगार्थ हा मोठा चित्रकार, आणि हसू येते हेही खरे. पण या चित्राचा पुन्हा पुन्हा विचार करताना आम्हांला त्याची मर्यादाही जाणवते. त्यात एकही माणूस असा नाही, ज्याच्याविषयी चित्रकाराला आपल्यापेक्षा अधिक काही ठाऊक आहे. उपहास नेहमी उंचावरून पाहतो, आणि उंचावरून सगळ्यांची डोकी सारखीच दिसतात.

उपहासाचे असे, तर हळहळीचे काय होते? त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे झाँ-फ्रान्स्वा मिले याचे 'एंजलस' हे चित्र. ते १८५७ ते १८५९ या काळात रंगवले गेले. त्यात चर्च जवळजवळ नाहीच. क्षितिजावर एक मनोरा तेवढा दिसतो. बटाटे काढणारे एक जोडपे संध्याकाळच्या घंटेसरशी थांबले आहे, पुरुषाने टोपी हातात घेतली आहे, दोघांच्या माना खाली आहेत. मिले हा शेतकऱ्याचा मुलगा. घंटा वाजली की आपली आजी हातातले काम थांबवायला लावून गेलेल्यांसाठी प्रार्थना करवीत असे, ही बालपणीची आठवण या चित्रामागे असल्याचे त्याने स्वतः सांगितले आहे. तो स्वतः नेमाने चर्चला जाणारा नव्हता. म्हणजे हे चित्र श्रद्धेच्या प्रचाराचे नाही. ते आजीचे आहे, थकलेल्या पाठींचे आहे, आणि थांबण्याच्या एका क्षणाचे आहे.

पण पुढे या चित्राचे काय झाले पाहा. साधारण हजार फ्रँकना गेलेले हे चित्र १८८९ च्या लिलावात साडेपाच लाखांहून अधिक फ्रँकना अमेरिकेस गेले, आणि पुढच्याच वर्षी त्याहून मोठी किंमत मोजून फ्रान्सने, खरे तर एका फ्रेंच व्यापाऱ्याने, ते परत आणले. मिले १८७५ मध्येच वारला होता. मग ते बशांवर, दिनदर्शिकांवर, घरोघरच्या भिंतींवर आले, आणि 'आमचा गरीब पण समाधानी, भाविक शेतकरी' असा त्याचा अर्थ कायमचा ठरला. ज्या शेतकऱ्याच्या दारिद्र्याकडे पाहायला कोणी तयार नव्हते, त्याच्या प्रार्थनेकडे मात्र सगळे डोळे भरून पाहू लागले. भाविक गरीब हा श्रीमंतांना नेहमीच सोयीचा असतो. यात दोष चित्राचा नाही. पण हळहळणारी नजर एखाद्या चित्राला किती मुकाट करून टाकते, याचे हे ढळढळीत उदाहरण आहे.

या सोयीला ज्याने सरळ नकार दिला तो रशियन चित्रकार इल्या रेपिन. त्याचे 'कुर्स्क प्रांतातील धार्मिक मिरवणूक' हे १८८० ते १८८३ मधील चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव संग्रहालयात आहे. धुळीच्या रस्त्याने मिरवणूक येते आहे. मागे तोडलेल्या जंगलाची टेकडी, नुसते बुंधे उरलेली. मध्यभागी प्रतिष्ठित मंडळी, मागे झगझगीत वस्त्रांतील धर्मगुरू, आणि घोड्यावरून गर्दीवर चाबूक उगारणारा माणूस. डाव्या बाजूला कुबडीच्या आधाराने पुढे येऊ पाहणारा एक कुबडा मुलगा, आणि त्याला काठी आडवी धरून अडवणारा हात. संपूर्ण चित्रात देवाकडे जाण्याची खरी घाई असलेला जीव आम्हांला तो एकच दिसतो. रेपिन येथे धर्माला हसत नाही. मंडळीत कोणाला घेतले आणि कोणाला कडेला ठेवले, एवढेच तो दाखवतो. आणि हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या मिरवणुकीला विचारता येण्याजोगा आहे.

आता आम्हांला विशेष महत्त्वाची वाटणारी दोन चित्रे. विल्हेल्म लाइब्ल हा कलोनच्या कॅथीड्रलमधील संगीतप्रमुखाचा मुलगा. त्याने 'चर्चमधील तीन स्त्रिया' हे चित्र १८७८ ते १८८२ या काळात बव्हेरियातील बेर्बलिंग या खेड्याच्या चर्चमध्ये, खऱ्या गावकरी स्त्रियांना समोर बसवून रंगवले. आज ते हांबुर्ग येथे आहे. तीन स्त्रिया, तीन वये, एकीच्या चेहऱ्यावर दुसरीची सावली नाही. वेदी दिसत नाही, धर्मगुरू दिसत नाही, देव तर नाहीच. दिसतात त्या काम करून मोठे झालेले हात, कापडाची वीण, बाकावरील कोरीव काम आणि पुस्तकावर खिळलेली दृष्टी. तीनसाडेतीन वर्षे एका चित्रापुढे बसणे ही चित्रकाराची चिकाटी झालीच. पण तेवढा काळ पुन्हा पुन्हा येऊन त्या बाकावर बसणाऱ्या स्त्रियांची चिकाटी काय म्हणावी? त्यांच्या मनात काय आहे, हे लाइब्ल सांगत नाही, कारण ते त्याला ठाऊक नाही. जे ठाऊक नाही ते न रंगवण्याचा हा प्रामाणिकपणा म्हणजेच त्याचा आदर.

दुसरे चित्र व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे. अवघे बेचाळीस सेंटिमीटर उंच. न्यूनेन हे बहुसंख्य कॅथलिक वस्तीचे गाव. तेथील छोट्या प्रॉटेस्टंट मंडळीचे पाळक होते व्हिन्सेंटचे वडील. व्हिन्सेंट स्वतः एके काळी खाणकामगारांत धर्मोपदेश करीत होता. पुढे त्याचा चर्चशी संबंध तुटला, आणि १८८१ च्या नाताळात चर्चला जायचे नाकारल्यावरून बापलेकांत भांडण होऊन त्याला घर सोडावे लागले. १८८४ च्या जानेवारीत आईचा पाय मोडला. तिच्यासाठी त्याने वडिलांच्या चर्चचे हे चित्र काढले. मूळ चित्रात चर्चपुढे खांद्यावर कुदळ घेतलेला एक शेतकरी तेवढा होता. पत्रात पाठवलेल्या रेखाटनात तो आजही दिसतो. १८८५ च्या मार्चमध्ये वडील वारले. त्यानंतर व्हिन्सेंटने चित्र पुन्हा हाती घेतले, शेतकरी काढून टाकला आणि चर्चमधून बाहेर पडणारी माणसे रंगवली. त्यांतील काही स्त्रिया सुतकी शालीत आहेत.

चित्रकार दाराबाहेर उभा आहे. जी मंडळी त्याच्या बापाची होती पण त्याची राहिली नव्हती, तिला तो बाहेर येताना पाहतो आहे. आत जे झाले ते त्याने पाहिलेले नाही, आणि पाहिल्याचा आवही आणलेला नाही. श्रद्धा गेलेल्या मुलाने श्रद्धाळू बापाला याहून अधिक काय द्यावे? २००२ च्या डिसेंबरमध्ये हे चित्र आम्सटरडॅमच्या संग्रहालयातून चोरीस गेले. २०१६ मध्ये ते नेपल्सजवळ गुन्हेगारी टोळीच्या ताब्यातून मिळाले आणि २०१७ मध्ये स्वस्थानी परतले. बातम्यांत त्याच्या किमतीची चर्चा फार झाली. एका मुलाने आपल्या आईसाठी काढलेले ते चित्र होते, हे त्या गदारोळात मागेच पडले.

मंडळीलाही चित्रकार हवा असतो का, हा प्रश्न शेवटी उरतो. पॉल गोगँने १८८८ मध्ये ब्रिटनीत 'प्रवचनानंतरचे दर्शन' रंगवले. पांढऱ्या टोप्या घातलेल्या, बहुतांश पाठमोऱ्या स्त्रिया, आणि तांबड्या जमिनीवर देवदूताशी झुंजणारा याकोब. म्हणजे नुकतेच ऐकलेले प्रवचन त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले आहे. हे चित्र त्याने जवळच्या निझोन गावच्या चर्चला देऊ केले. धर्मगुरूंनी ते नाकारले. आज ते एडिंबरोच्या संग्रहालयात आहे.

असाच नकार आपल्या अगदी जवळच्या एका चित्रकाराच्याही वाट्याला आला. गोव्यात १९०२ मध्ये जन्मलेले अँजेलो दा फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले आणि त्यांनी मरियेला साडी नेसवली. गोव्यातील धर्मधुरीणांना ते रुचले नाही. फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले, तेथे काम करीत राहिले, आणि १९६७ मध्ये वारले. गोगँ बाहेरचा होता; फोन्सेका मंडळीतलेच होते. तरी दोघांनाही दार बंदच मिळाले. पुढे फोन्सेकांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातील झेविअर इतिहास संशोधन केंद्राकडे आला. मंडळीची मान्यता चित्रकाराला पुष्कळदा तो मंडळीतील थडग्यांत जमा झाल्यावरच मिळते, असे म्हणावे लागते.

आम्ही ख्रिस्ती मंडळीचे सभासद नाही. या चित्रांपुढे आम्हीही व्हॅन गॉगसारखे दाराबाहेरच उभे आहोत, आणि आमच्या मते परधर्मीय प्रेक्षकाची ही जागा उणेपणाची नाही. अट एवढीच की, बाहेर उभे असल्याचे भान सुटू नये. आज दुसऱ्यांची उपासना आपल्यापर्यंत पोहोचते ती बहुधा दोनच रूपांत: भीती घालणारा जमाव म्हणून, किंवा पर्यटनाच्या पत्रिकेवरची शोभा म्हणून. आपली स्वतःची वारीसुद्धा अलीकडे आकाशातून टिपलेल्या ठिपक्यांची सुंदर नक्षी होऊन समोर येते. त्या ठिपक्यांत कोणाच्या पायाला फोड आला आहे ते दिसत नाही. लाइब्लने तीन बायकांसाठी तीन वर्षांहून अधिक काळ दिला. तेवढी सवड आपल्याला नाही, हे मान्य. पण एका चेहऱ्यापुढे, त्याला श्रद्धाळू वा ढोंगी असे काहीही म्हणण्यापूर्वी, क्षणभर थांबण्याइतकी सवड तरी असावी. देऊळ कोणाचेही असो. आत माणसेच बसलेली असतात.